विश्लेषण : गिअर एकच, पण कोणता? रायगडच्या किनाऱ्यावर साध्या सायकलचे गणित

मांडव्याच्या धक्क्यावर रो-रो बोट लागली की मोटारींबरोबर सायकलीही उतरतात. चकचकीत, २१ किंवा २४ गिअरच्या, हेल्मेटधारी स्वारांसह. त्याच रस्त्याने पावाची टोपली, दुधाच्या किटल्या किंवा शाळेचे दप्तर कॅरिअरला लावलेली काळी सायकल रोज जात असते. तिला गिअर एकच. नागाव, आक्षी, वरसोली भागात पर्यटकांना तासावर भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक सायकलीही एकाच गिअरच्या असतात. आता शहरांतून ‘सिंगल स्पीड’ आणि ‘फिक्सी’ या नावाने याच प्रकाराची नवी, महागडी रूपे बाजारात आली आहेत. दिसायला देखणी, वजनाला हलकी. पण ती घेण्यापूर्वी, किंवा घरातली जुनी सायकल ‘जड चालते’ म्हणून अडगळीत टाकण्यापूर्वी, एक गोष्ट तपासायला हवी. ती म्हणजे पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात. ते मोजायला दोन मिनिटे लागतात.

एक गिअर म्हणजे नेमके किती?

पायडल जोडलेले पुढचे मोठे चक्र आणि मागच्या चाकावरचे छोटे चक्र, म्हणजे फ्रीव्हील, यांच्या दातांचे गुणोत्तर म्हणजे गिअर. आपल्याकडच्या काळ्या सायकलला पुढे साधारण ४४ किंवा ४८ आणि मागे १८ दात आढळतात. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक २.४४ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर धरला तर एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. पुढे ४८ दात असतील तर हेच अंतर ५.९ मीटर होते.

गुणाकार नको असेल तर खडूने काम भागते. रस्त्यावर एक रेघ मारायची, पायडल तळाला ठेवून सायकल रेघेवर उभी करायची, पायडल बरोबर एक फेरी पूर्ण करेपर्यंत ढकलायची आणि दुसरी रेघ मारायची. दोन रेघांमधले अंतर हाच त्या सायकलचा गिअर. भाड्याच्या २६ इंची सायकलचा परीघ २.०५ मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे दात तेवढेच असूनही ती थोडी हलकी वाटते.

सायकलच्या जुन्या पुस्तकांत हाच आकडा इंचांत सापडतो. उंच पुढच्या चाकाच्या जुन्या सायकलला साखळी नव्हती, पायडल थेट चाकाला जोडलेले असे. त्यामुळे चाक जितके मोठे तितका वेग जास्त, आणि चाकाचा व्यास हेच तिचे माप. साखळी आली तरी मोजण्याची सवय तीच राहिली. २८ गुणिले ४४ भागिले १८ म्हणजे ६८ इंच. आजची काळी सायकल ६८ इंच व्यासाचे चाक थेट पायाने फिरवल्यासारखी चालते, असा त्याचा अर्थ.

हा आकडा आला कुठून? आपल्या काळ्या सायकलचा नमुना मूळचा इंग्लंडचा. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टीआय (१९४९), सोनिपतची अॅटलस (१९५१) आणि लुधियानाची हिरो (१९५६) या कंपन्यांनी तशाच सायकली देशभर पोहोचवल्या. म्हणजे पंजाबच्या सपाटीवर, विदर्भात आणि कोकणात साधारण एकाच घडणीची सायकल गेली. कारखान्याला ते सोयीचे होते. चढाच्या गावाला मात्र दात बदलून घेण्याचे काम स्वतःच करावे लागते, आणि बहुतेक जण ते कधीच करत नाहीत.

किनारा सपाट आहे, मग अडते कुठे?

अलिबागहून आक्षी, नागाव, चौल करत रेवदंड्यापर्यंतचा सुमारे १८ किलोमीटरचा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो आणि जवळपास सपाट आहे. एकाच गिअरला याहून चांगला रस्ता नाही. ५.४ मीटरच्या गिअरवर मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या, म्हणजे सेकंदाला एक, तर ताशी १९ किलोमीटरहून थोडा जास्त वेग मिळतो आणि तासाभरात रेवदंडा येते.

पुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळावला गेले की रस्त्याचा स्वभाव बदलतो. कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव आणि मुरूड अशा क्रमाने जाताना डोंगराच्या सोंडा समुद्रापर्यंत उतरलेल्या आहेत आणि रस्ता त्यांच्यावरून चढत-उतरत जातो. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरून दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन असे जाणाऱ्यांची गाठही चढ-उताराशीच पडते. अलिबागहून पेण-वडखळकडे जाताना कार्लेखिंड आहेच. हे चढ सह्याद्रीच्या घाटांसारखे लांबलचक नाहीत. आखूड आहेत, पण एकामागून एक येतात.

सपाट रस्त्यावरही एक चढ असतो, तो नकाशात दिसत नाही. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनी पाठ केलेले असतात. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून येतो, रात्री उलटे होते. सायकलवाल्याला तो धडा मांड्यांमधून पुन्हा शिकावा लागतो. उन्हाळ्यात कोकण किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून येतो. म्हणजे अलिबागहून दक्षिणेला मुरूडकडे जाताना तो पाठीशी किंवा बाजूने राहतो, ‘आज काय मस्त चालतेय’ असे वाटते, आणि परतताना तोच तोंडावर येतो.

त्याचा हिशेब मांडता येतो. ताठ बसून ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला वारा पडलेला असताना हवेचा विरोध साधारण ६ न्यूटन, म्हणजे पाऊण किलोहून कमी वजनाइतका असतो. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आला की अंगावरची हवा दुप्पट वेगाने येते, पण विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो चौपट होतो, २५ न्यूटनच्या घरात. ७० किलोचा माणूस आणि २० किलोची सायकल धरली तर हा वाढीव भार दोन टक्के चढाइतका आहे. म्हणजे रेवदंड्याहून अलिबागला दुपारी परतणारा माणूस १८ किलोमीटर लांबीचा, न दिसणारा चढ चढत असतो. गिअरच्या सायकलवर तो एक खटका दाबून मोकळा होईल. एकाच गिअरवाल्याकडे उपाय दोनच, वेग कमी करणे किंवा सकाळी लवकर निघून वारा उठायच्या आत परतणे. रोज जाणारे लोक दुसरा उपाय वापरतात. पर्यटक दहाला नाश्ता करून निघतात.

चढावर पायावर किती भार येतो?

सहा टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर अंतरात सहा मीटर उंची, हे उदाहरण घेऊ. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो. गुरुत्वाकर्षण आणि टायरचे घर्षण मिळून मागे ओढणारा जोर साधारण ६० न्यूटन होतो. सायकलची दांडी, म्हणजे क्रँक, १७ सेंटिमीटरची धरली तर ५.४ मीटरच्या गिअरवर पायडलवर सरासरी ३१ किलोचा दाब द्यावा लागतो. पण पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायाचा जोर जवळपास वाया जातो. त्यामुळे दांडी आडवी असतानाच्या क्षणी हा दाब दीडपटीहून जास्त, ४८ किलोच्या आसपास जातो. आता कॅरिअरवर २० किलोचे ओझे ठेवा. तो क्षणिक दाब ५९ किलोवर पोहोचतो. ७० किलोच्या माणसाला हे बसल्या बसल्या शक्य नाही. तो उभा राहून अंगाचे सगळे वजन पायडलवर टाकतो, सायकल डावी-उजवीकडे झुलू लागते, आणि मागून येणाऱ्या गाडीला ती नेमकी तेव्हाच ओलांडायची असते.

गुडघे दुखण्याची तक्रार इथेच सुरू होते. ‘सायकल जड झाली, तेल घाला’ असे म्हटले जाते. तेल घालावेच, पण दोष अनेकदा दातांचा असतो.

मागचे १८ दातांचे फ्रीव्हील काढून २० दातांचे लावले तर एका फेरीचे अंतर ४.८ मीटर होते आणि त्याच चढावर सरासरी दाब २८ किलोवर येतो. २२ दातांचे लावले तर अंतर ४.४ मीटर आणि दाब २५ किलो. म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा भार कमी. त्या बदल्यात सपाटीवर वेग घटतो. ६० फेऱ्यांच्या गतीने २० दातांवर ताशी साडेसतरा किलोमीटर मिळतात. पूर्वीचाच वेग हवा असेल तर मिनिटाला फक्त सात फेऱ्या जास्त माराव्या लागतात, आणि ही सवय आठवड्याभरात पायांना लागते.

आपल्याकडे जड गिअर म्हणजे मर्दानी आणि पाय भरभर फिरवणे म्हणजे पोरखेळ, अशी एक समजूत आहे. गुडघ्यांचे मत उलटे आहे. कमी दाबाने जास्त फेऱ्या मारणे त्यांना मानवते. रेवदंड्याच्या पलीकडे नियमित जाणाऱ्याने किंवा ओझे वाहणाऱ्याने २० किंवा २२ दातांचाच विचार करावा. ज्याची ये-जा अलिबाग ते चौल एवढीच आहे, त्याचे १८ वर काही अडत नाही.

बदलायचे कसे?

एकेरी फ्रीव्हील १६ ते २२ दातांत मिळते आणि गिअरच्या सायकलच्या कुठल्याही सुट्या भागापुढे ते स्वस्त असते. अडचण जुने काढण्याची. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसलेले असते आणि प्रत्येक पायडलबरोबर आणखी घट्ट होत जाते. काही वर्षे खाऱ्या हवेत राहिले की ते गंजून हबशी एकजीव झालेले असते. त्याच्या खाचांत बसणारा खास पान्हा आणि बाकाला पक्का बसवलेला शिकंजा असल्याशिवाय ते निघत नाही. हातोडी-छिन्नीने ठोकणारे कारागीर आहेत, पण त्यात फ्रीव्हील तर जातेच, कधी हबही जातो. नवे बसवताना आट्यांना ग्रीस लावायला सांगावे. किनाऱ्यावर हे एवढे एक वाक्य पुढच्या वेळचे बरेच पैसे वाचवते.

मागे दोन दात वाढले की साखळीलाही थोडी जास्त लांबी लागते. चाक पुढे सरकवायला चिमट्यात जागा असेल तर जुनी साखळी पुरते, नाही तर कडी वाढवावी लागते. साखळी तपासायची रीत सोपी आहे. नव्या साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. तेवढ्याच कड्या १२ इंच एक सूत, म्हणजे अष्टमांश इंचाने जास्त भरत असतील तर ती साखळी बदलावी. झिजलेली साखळी नव्या फ्रीव्हीलवर दात चुकवते आणि उभे राहून जोर लावतानाच उडी मारते. असा माणूस पायडलवरून थेट नळीवर आदळतो.

‘फिक्सी’ वेगळी कशी?

साध्या सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये दोन छोटे खटके असतात. सायकल दुरुस्त करणारे त्यांना ‘कुत्रे’ म्हणतात. पाय थांबवले की हे कुत्रे दातांवरून घसरत टिकटिक करतात आणि चाक मोकळे फिरत राहते. फिक्स्ड गिअरमध्ये कुत्रेच नसतात. मागचे चक्र हबला पक्के जखडलेले असते. चाक फिरते तोवर पायडल फिरणार. उतारावर पाय थांबवता येत नाहीत. उलट पायडलला मागे दाब दिला तर चाकाचा वेग कमी होतो, म्हणून काही जण ब्रेक न लावताच ती चालवतात.

ही सायकल मूळची बंदिस्त धावपट्टीची. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सायकल शर्यतींसाठी व्हेलोड्रोम आहे, तिथल्यासारख्या उतरत्या कडांच्या ट्रॅकवर ब्रेक नसलेल्याच सायकली धावतात. सगळे एका दिशेने जाणारे, समोरून रिक्षा येत नाही, अचानक कुणी ब्रेक मारला तर मागचा आदळेल म्हणून ब्रेकच नको, असे तिथले तर्कशास्त्र आहे. ते अलिबाग-मुरूड रस्त्याला लागू होत नाही.

याचा धडा लंडनला २०१६ मध्ये मिळाला. पुढचा ब्रेक नसलेल्या ट्रॅक सायकलवरून जाणाऱ्या तरुणाची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा मृत्यू झाला आणि पुढच्या वर्षी त्या तरुणाला १८ महिन्यांची शिक्षा झाली. ब्रिटनच्या नियमांनुसार फिक्स्ड सायकल रस्त्यावर आणायची तर पुढच्या चाकाला ब्रेक हवाच. कारण साधे आहे. ब्रेक लावताना माणसाचे वजन पुढे झुकते आणि मागच्या चाकावरचा भार कमी होतो. मागचे चाक पायाने कितीही रोखले तरी ते घसरू लागते, गाडी थांबत नाही. थांबवण्याचे खरे काम पुढचे चाक करते.

घाटाच्या रस्त्यावर फिक्सीची आणखी एक पंचाईत आहे. चढासाठी गिअर हलका हवा, पण हलक्या गिअरवर उतारात पाय वेड्यासारखे फिरतात. ५.४ मीटरच्या गिअरवर ताशी ४० किलोमीटर वेग आला तर पायांना मिनिटाला १२४ फेऱ्या माराव्या लागतात. हाच गिअर ४.४ मीटरचा केला तर १५१. सराव नसलेला माणूस या गतीला सीटवर उसळू लागतो, आणि पाय पायडलवरून सुटला तर फिरते पायडल नडगीवर बसते. फ्रीव्हीलवाल्याला ही अडचणच नाही. तो चढाला हलका गिअर घेतो आणि उतारावर पाय स्वस्थ ठेवून टिकटिक ऐकतो. त्यामुळे साळावच्या पुढे फ्रीव्हीलच बरे. फिक्सीची हौस असेल तर अलिबाग-रेवदंडा पट्टा आहे, तोही दोन ब्रेक लावून.

फिक्सीबद्दल आणखी दोन गोष्टी. पहिली गमतीची. चाक रोखून घसरवण्याची सवय असेल तर दातांचे आकडे टायरचे आयुष्य ठरवतात. ४८ आणि १६ दात असतील तर भागाकार पूर्ण ३ येतो. पायडलच्या ठरावीक जागी रोखल्यावर दरवेळी टायरचा तोच भाग जमिनीला घासतो आणि तिथेच भोक पडते. ४४ आणि १८ चे संक्षिप्त रूप २२/९, म्हणून झीज नऊ जागी वाटली जाते. दुसरी गोष्ट गंभीर. फिक्स्ड सायकल स्टँडवर लावून पायडल फिरवत साखळी फडक्याने पुसायची नाही. फडके अडकले तरी चाक आपल्या वेगात साखळी ओढत राहते आणि बोटे दातांत जातात. ओढणी, धोतर, सैल पँट यांनाही हेच लागू.

मग गिअरचीच सायकल का नको?

१९३७ पर्यंत ‘टूर द फ्रान्स’मध्ये गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला परवानगी नव्हती. तोपर्यंत अनेक स्वारांच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रे असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, चाक काढून उलटे लावायचे आणि चढायला लागायचे. आजच्या काही सिंगल स्पीड सायकलींना असाच दुतर्फा हब येतो. एका बाजूला १८, दुसऱ्या बाजूला २२ दातांचे फ्रीव्हील लावून घेतले तर साळावच्या पुलाशी पाच मिनिटे थांबून सायकलचा गिअर बदलता येतो. थोडा खटाटोप आहे, पण चालतो.

रोज ५० किलोमीटर डोंगर-चढणीत जाणाऱ्याने गिअरचीच घ्यावी, त्यात वाद नाही. इतरांसाठी किनाऱ्यावरचा प्रश्न गंजाचा आहे. गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत बारीक स्प्रिंगा, नळीतून जाणाऱ्या तारा आणि अरुंद साखळी असते. खारी हवा, वाळू आणि चार महिन्यांचा पाऊस यांत तारा अडकतात, खटके बसेनासे होतात, आणि मग २१ गिअरची सायकल एका कुठल्या तरी गिअरवर कायमची अडकून चालवली जाते. बहुधा तो गिअरही चुकीचाच असतो. साध्या सायकलची जाड साखळी आठवड्याला पुसून दोन थेंब तेल घातले तरी वर्षानुवर्षे टिकते. वाळूत सायकल नेली असेल तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवून, सुकवून मगच तेल घालावे. ओल्या वाळूवर तेल घातले की दोन्ही मिळून पॉलिश पेपरचे काम करतात.

पावसाळ्यात एक धोका दोन्ही प्रकारच्या साध्या सायकलींना आहे. स्टीलच्या रिमवर पाणी असताना ब्रेकची रबरे नुसती घसरतात आणि थांबायला कोरड्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागते. काशीदच्या उतारावर सुरुवातीपासूनच ब्रेक हलके टेकवून ठेवले तर रिमवरचे पाणी निपटते. वळण आल्यावर एकदम दाबले तर उशीर झालेला असतो.

भाड्याची सायकल घेताना पैसे देण्याआधी मागचे चाक उचलून पायडल फिरवून बघावे. साखळी मध्येच ताणते आणि मध्येच लोंबते, फ्रीव्हील लगडते किंवा पायडल मागे फिरवल्यावर टिकटिक येत नाही, असे दिसले तर दुसरी मागावी. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. मागचे चाक जमिनीवरून थोडे उचलले गेले तर ब्रेक ठीक आहे.